दोन दिवसांसाठी नेलेला हेडफोन

सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये एकेचाळीस हेडफोन राहायचे, आणि अभय दांडेकर त्यांच्याकडे पेइंग गेस्ट असल्यासारखे वावरायचे. हेडफोनांना एसी होता. दांडेकरकाकू स्वयंपाकघरात टेबलफॅनसमोर बसून मटार सोलत होत्या. प्रत्येक हेडफोनला सागवानी स्टँड होता आणि स्टँडला कार्ड होतं: साल, देश, 'गाद्या मूळच्याच'. गाद्या म्हणजे कानावर येतो तो मऊ भाग. त्यातल्या निम्म्या इतक्या मूळच्या होत्या की त्यांचा भुगा पडून खाली स्टँडवर साचला होता. तो भुगासुद्धा कुणी झाडत नव्हतं, न जाणो त्याचीही किंमत असेल.

हे सगळं प्रियदर्शनी मेश्रामने दारात उभ्या उभ्या बघून घेतलं. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

बेचाळिसावा हेडफोन मधल्या टेबलावर होता. ऑस्ट्रियात बनलेला, १९७४ चा, तपकिरी, वायर पिळाची. तो दांडेकरांचा नव्हता. तिच्या आईचा होता.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण चूक प्रियदर्शनीचीच होती आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. यंदा ती दहावीत. जूनमध्ये वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली, आणि तेव्हापासून आपल्याला माणसं ओळखता येतात असा तिचा ठाम समज झाला होता. त्याच भरात तिने आईच्या हेडफोनचा फोटो काढून जुन्या हेडफोनांच्या एका ग्रुपवर टाकला. तासाभरात दांडेकरांचा इंग्रजीत मेसेज: वस्तू दुर्मिळ आहे, दोन दिवस अभ्यासासाठी द्याल का? आपल्या वस्तूचा कुणीतरी अभ्यास करणार, ह्याने प्रियदर्शनी इतकी फुगली की आईची परवानगी तिने जवळजवळ स्वतःच देऊन टाकली. धनकवडीहून बसने स्वतः नेऊन दिला. त्याला आता तीन महिने झाले. तिने अकरा वेळा फोन केला. अकरा वेळा उत्तर एकच, अभ्यास चालू आहे.

इकडे आईचे हाल. प्रेमला मेश्राम एरंडवण्यातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत अठरा वर्षं होती. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकांनी, हा तुमच्याच कानाला बसलाय, घेऊन जा, म्हणत तो हेडफोन तिला दिला. आता ती घरी बसून रेकॉर्डिंगं ऐकते आणि टाइप करून देते: कोर्टातल्या साक्षी, डॉक्टरांच्या सभा, कुणाकुणाच्या मुलाखती. तीन महिने ती मोबाइलबरोबर आलेल्या इअरफोनवर काम करत होती. कान लाल व्हायचे. एकेक वाक्य चारचारदा मागे नेऊन ऐकावं लागायचं. आणि सोमवारी सकाळपासून बारा तासांची एक साक्ष सुरू करायची होती, ज्यात साक्षीदार म्हणे पुटपुटतो.  आईने शनिवारी रात्री कानाला खोबरेल तेल लावलं, आणि ते प्रियदर्शनीला बघवलं नाही.

म्हणून रविवारी दुपारी चारला ती न सांगता इथे येऊन धडकली. नेमकी त्याच वेळी 'श्रवणसाधक मंडळा'ची मासिक बैठक होती. इतकं भारदस्त नाव आणि साधक एकूण पाच. दांडेकर स्वतः. हिंजवडीच्या कंपनीतला विक्रम, जो प्रत्येक गोष्टीचा आलेख मोबाइलवर काढून दाखवायचा आणि कान फक्त चष्मा अडकवायला वापरायचा. दोन काका, जे तिला शेवटपर्यंत वेगळे ओळखता आले नाहीत, कारण दोघंही फक्त "अगदी" म्हणायचे. आणि कोपऱ्यात सर्जेराव निंबाळकर, ऐंशीच्या घरातले, कानात श्रवणयंत्र. दांडेकरांनी त्यांचा हेडफोन घेऊन टाकल्यावर त्यांनाही मंडळात ठेवून घेतलेलं असावं, असं तिला वाटलं.

"काका, मी हेडफोन न्यायला आलेय," ती म्हणाली.

दांडेकरांनी पांढरे हातमोजे घातले होते. हो, हातमोजे. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू दूधवाला दिवाणखान्यात शिरलाय. "आपण... आडनाव काय म्हणाला होतात?"

"मेश्राम."

"अच्छा. मूळचे?"

"चंद्रपूर."

"तरीच," दांडेकर म्हणाले, आणि कशाचं तरीच ते सांगायची गरज त्यांना वाटली नाही. मग आवाज मऊ करून म्हणाले, "बाळ, बैठक संपू दे. मग बोलू. तू बस हवं तर. ऐकायला मिळेल, अनुभव येईल."

ती वेताच्या मोड्यावर बसली. मंडळाची पद्धत अशी होती की नवा हेडफोन एकेकाच्या कानाला फिरायचा, गाणं प्रत्येक वेळी तेच, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकायचं आणि मग प्रत्येकाने फक्त एक शब्द म्हणायचा. तो शब्द दांडेकर शाईच्या पेनाने कार्डावर लिहायचे, आणि शब्दांवरून शेवटी हेडफोनची किंमत ठरायची. वजनदार शब्द, वजनदार किंमत. बाजारभाव असा पाच माणसांच्या विशेषणांवर चालतो हे तिला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला दांडेकरांनी प्रास्ताविक केलं. "हा पीस मला एका घरात अत्यंत वाईट अवस्थेत मिळाला. बाई तो रोज वापरत होत्या."

"रोज?" एक काका हळहळले. दुसऱ्यांनी मान हलवली. कुणाला उपाशी ठेवल्याची बातमी ऐकावी तसे बाकीचे चुकचुकले.

"गाद्या तर विचारूच नका. घरी शिवलेल्या. मखमलीच्या, जांभळ्या. मी मूळच्या गाद्या जर्मनीहून मागवल्या."

आणि असं म्हणत त्यांनी हातातल्या कशाने तरी टेबलाची कड पुसली. प्रियदर्शनीने पाहिलं. ती जांभळी मखमल होती. आईच्या लग्नातल्या ब्लाउजची. आईने दोन संध्याकाळी बसून त्या गाद्या शिवल्या होत्या आणि शिवताना दर वेळी कानाला लावून बघितल्या होत्या. हा माणूस त्यांनी धूळ पुसत होता.

तिची कानशिलं तापली. पण वक्तृत्वाच्या बाईंनी एक गोष्ट शिकवली होती: समोरचा चुकत असेल तर त्याला आधी पुरेसं चुकू द्यावं.

रेकॉर्ड लागली. एक ठुमरी, सगळ्यांना पाठ असलेली. दांडेकरांनी हेडफोनच्या वायरची पिन मशीनला लावली, अगदी अलगद, बाळाला अंगडं घालावं तशी. पहिला नंबर विक्रमचा. त्याने डोळे मिटले, मग एक उघडून दांडेकरांचा चेहरा बघितला, मग परत मिटला.

"मोकळा," तो म्हणाला. "काय स्टेज आहे सर. भिंतीच गेल्या."

दांडेकरांनी लिहिलं. पहिले काका ऐकून म्हणाले, "विस्तीर्ण." दुसरे म्हणाले, अगदी, आणि मग शब्द द्यायचा असतो हे आठवून, "खोल. बाई कशा दोन खोल्या मागे बसून गातायत. आजकालच्या हेडफोनात बाई नाकासमोर येऊन बसतात." सगळ्यांनी आजकालच्या बाईंबद्दल नापसंती दाखवली. दांडेकरांनी स्वतः ऐकलं, डोळे पुसल्यासारखं केलं आणि "अंतर्मुख" असा शब्द लिहिला. कार्ड भारी होत चाललं होतं.

मग सर्जेराव. त्यांनी श्रवणयंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, हेडफोन लावला, आवाज वाढवायला सांगितला. बराच वेळ ऐकलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"मला काही बाई ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. "तबला येतो, सारंगी येते. बाई नाहीत. गेले वाटतं माझे कान."

कुणी हसलं नाही, पण सगळे एकमेकांकडे बघून ज्या समजूतदारपणे हसायचं टाळत होते, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. दांडेकरांनी त्यांच्या खांद्यावर हातमोजा ठेवला. "वय आहे सर्जेराव. तुमच्या नावापुढे रिकामं ठेवतो."

सर्जेरावांनी हेडफोन काढला. उतरवताना तो प्रियदर्शनीच्या हातापाशी आला आणि तिने तो घेतला. दांडेकर "अं, हातमोजे" म्हणेपर्यंत तिच्या कानावर होता.

तबला होता. सारंगी होती, दोन्ही कानांच्या पार बाहेर, रस्त्यावर गेल्यासारखी. आणि बाई? बाई कुठेतरी जिन्याखाली, विहिरीत, पाण्याच्या टाकीत. नुसता त्यांच्या आवाजाचा मागे राहिलेला घुमारा. ठुमरीतून ठुमरी गाणारीच गायब.

हे तिला पाठ होतं. ती सहा वर्षांची असताना आईबरोबर स्टुडिओत जायची, तेव्हा नव्याने लागलेल्या प्रत्येकाला आई पहिल्या दिवशी हेच शिकवायची. पिन टक् असा आवाज होईपर्यंत आत ढकलायची. अर्धी राहिली तर मधला आवाज मरतो आणि कडेचा तेवढा उरतो. जो पिन अर्धी ठेवेल त्याने त्या दिवशी सगळ्यांना वडापाव आणायचा. आठवड्यात शिकायचे सगळे. शिकायला हातमोजे लागत नव्हते.

तिने हेडफोन कानावरून काढला. आता बोलायची वेळ होती, आणि खरं सांगायचं तर तिला फार मजा येत होती.

"काका, गाणारी बाई कुठे आहे?"

"मागे, बाळ," दांडेकर सहनशीलपणे म्हणाले. "त्यालाच खोली म्हणतात. सवय लागते कानाला."

"मागे नाही. नाहीच आहे. आजोबांचं बरोबर आहे." ती उठली, मशीनपाशी गेली आणि पिनेवर अंगठा ठेवून दाबला.

टक्.

एवढाच आवाज. मग तिने हेडफोन सर्जेरावांच्या कानावर ठेवला. दुसऱ्या कुणाच्या नाही.

म्हाताऱ्याचे डोळे आधी मोठे झाले, मग ओले. ते ओठांनी शब्द जुळवू लागले, बाईंच्या बरोबरीने. मग खूप मोठ्याने, कारण कानावर हेडफोन असला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, ते म्हणाले:

"आल्या बाई. इथेच तर बसल्यात. अभय, तुम्ही सगळे मग काय ऐकत होतात?"

 विक्रमने मोबाइल काढला, बहुधा आलेख बघायला. एक काका "अगदी" म्हणाले आणि कशाला म्हणाले ते त्यांनाच कळलं नाही. स्वयंपाकघरात मटार सोलायचं थांबलं होतं, आणि मग काकूंचा, फक्त काकूंचा, हसण्याचा आवाज आला. आधी छोटा, मग चांगला मोठा.

दांडेकरांचा चेहरा एकेचाळीसही कार्डांपेक्षा पांढरा पडला. ते म्हणाले की जुन्या सॉकेटमध्ये असं होतं. म्हणाले की मोकळेपणा तरीही होताच. शेवटी म्हणाले, "जर्मनीच्या गाद्यांचं काय? त्या माझ्या आहेत."

"काढून घ्या," प्रियदर्शनी म्हणाली. "आमच्या द्या. ज्यांनी टेबल पुसताय त्या."

दांडेकरांनी हातातल्या मखमलीकडे पाहिलं, जणू ती कुणी गुपचूप त्यांच्या हातात ठेवली होती. मग ती टेबलावर ठेवली. जर्मन गाद्या मात्र काढल्या नाहीत. पाच माणसांसमोर वाकून गाद्या उपसत बसायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि हे तिने बरोबर ओळखलं होतं. सर्जेरावांनी ठुमरी संपेपर्यंत हेडफोन सोडला नाही. ती थांबली. तेवढं थांबणं तिला परवडत होतं. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी तिला दिला आणि आईला नमस्कार सांग म्हणाले.

निघताना तिने कार्डही उचललं. टेबलावर पडलं होतं, आणि आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता. तिला अडवायला कुणी उठलं नाही.

घरी आई पोळ्या लाटत होती. प्रियदर्शनीने हेडफोन, मखमल आणि कार्ड ओट्यावर मांडलं. संपूर्ण भाषण बसमध्ये तयार झालं होतं, सदाशिव पेठेपासून धनकवडीपर्यंत, हावभावांसकट. पण आईने हात पुसून आधी कार्डच घेतलं. वाचलं. मोकळा. विस्तीर्ण. खोल. अंतर्मुख.

"पिन अर्धी होती काय?" आई म्हणाली.

प्रियदर्शनीचं तोंड उघडं राहिलं. भाषणातला सगळ्यात चांगला भाग गेला. बाकी भाषणही मग तिने तीन वाक्यांत उरकलं.

आई हसली नाही. तिने मखमलीच्या गाद्या उलटसुलट करून पाहिल्या, एकीला पॉलिशचा वास येत होता, दोन्ही साबणाच्या पाण्यात टाकल्या. मग आवाजात चंद्रपूर आलं, जे ती खरी चिडली की येतं. "दोन दिवस म्हणली होती तू. काहून दिला व त्याले? त्यानं इंग्रजीत मेसेज टाकला म्हणून?"

 खरं कारण तेच होतं. प्रियदर्शनी उरलेल्या पोळ्या लाटायला लागली. त्या गोल झाल्या नाहीत, आणि आईने त्या तशाच भाजल्या.

सोमवारी सकाळी ती शाळेची बॅग भरत होती तेव्हा आई टेबलाशी बसली होती. जांभळ्या गाद्या अजून थोड्या ओल्या होत्या, तरी चढवल्या होत्या. आईने पिन लावली. टक्. डोळे मिटले नाहीत. साक्षीदार पुटपुटायला लागला असावा, कारण आईची बोटं लगेच चालायला लागली, एकदाही मागे न जाता. मधेच तिने वेळ टिपून ठेवायला कागद शोधला, हाताला ते कार्ड लागलं, ते तिने पालथं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं:

१२ मि. ४० से. – साक्षीदार खोकतो.