रोगणाआधीची धूळ

आमच्या घरात दोन खाती. दोरा माझा, धूळ बायकोची. मासे धरायच्या गळाची काठी बनवायची म्हणजे दांड्यावर दोरी ओवायला कड्या बसवायच्या, कड्यांचे पाय रंगीत दोऱ्याने गुंडाळून घट्ट करायचे आणि वरून काचेसारखं रोगण चढवायचं. गुंडाळायचं मी, धूळ काढून रोगण लावायचं तिने. लग्नानंतर लगेचच हे ठरून गेलं. माझा राग कायम नाकावर, आणि रोगणाला तापट माणूस चालत नाही.

लोकांना वाटतं, धूळ काढायची म्हणजे फडकं मारलं की झालं. अहो, फडकंच तर धूळ सोडतं! दोऱ्यावर एक तूस राहिलं की रोगण त्याच्याभोवती टेंगूळ धरतं, आणि एकदा वाळलं की बसा बोंबलत. म्हणून आधी स्पिरिटच्या दिव्यावरून काठी झरकन फिरवायची, उभी राहिलेली तुसं जळून जातात. मग बोटाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून वेढ्यांवर नुसतं टिपायचं. घासायचं नाही. फुंकर तर मुळीच मारायची नाही, थुंकी उडते. पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी ओली. बायको अंगात माझा जुना रेनकोट घालते, कारण सुती कपड्याची तुसं गळतात. भर उन्हाळ्यात घरात रेनकोट घातलेली बाई! शेजारीण एकदा साखर मागायला आली, ती दारातूनच परत गेली.

गेल्या हिवाळ्यात मला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण घरात येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा, कशाला म्हणून लागत नाही. पाय सुधारला. बोलणंही सुधारलं, दुर्दैवाने, असं बायको म्हणते. काम मात्र ठप्प. मी दिवसभर खुर्चीत बसून खेकसायचो. चहा गार का, दार उघडं का, रेडिओ मोठा का. ती "बरं" म्हणायची आणि दार लावायची.

मग एक दिवस मिशीवाला आला. आमचं जुनं गिऱ्हाईक. याच्या मिशीला वेगळं तिकीट काढावं लागत असेल.

"मला काठी हवी. तुमच्या हातची."

"हात कुठाय?" मी म्हटलं.

"दुसरा आहे ना!"

बायको दाराआड होती. माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणून बसलो.

डाव्या हाताने दोरा ओढायचा, दांडा मांडीवर धरून फिरवायचा, टोक दातांत. कधी वेढा वेढ्यावर चढायचा, कधी सुटून सगळं भसकन उलगडायचं. खोटं कशाला बोलू, रडलोसुद्धा. पण हट्टाला पेटलो होतो. दिवसचे दिवस गेले आणि एकदाची झाली. चांगली झाली नव्हती. टोकाकडच्या कडीपाशी फट राहिली होती, खालचा दांडा चक्क दिसत होता. मला ठाऊक होतं. मनाला म्हटलं, रोगणात लपेल.

बायकोला म्हणालो, "धूळ काढ आणि लाव रोगण. ही जमली तर पुढे काम करीन. नाही तर ते कामाचं टेबल देऊन टाकू कुणाला तरी."

एरवी तिला तासभर पुरतो. या वेळी दार बंद करून बसली ती दिवस मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काय चाललंय आत?" मी दारावर थाप मारली.

"धूळ आहे हो फार."

"माझ्या दोऱ्यावर?"

"इतके दिवस उघड्यावर होती ना. बसते धूळ."

"मग काढ की! का अंडी उबवत बसलीयस?"

जेवायला बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती, डोळे लाल झालेले. त्यावरही मी म्हटलंच, एवढ्याशा धुळीने डोळे यायला लागले तर म्हातारी झालीस तू. ती हसली.

रोगण लावून, ते ओघळू नये म्हणून काठी मोटरवर फिरत ठेवली, वाळली, आणि तिने ती माझ्या मांडीवर आणून ठेवली. मी आधी टोकाकडची कडी बघितली. फट नव्हती. काय आनंद झाला म्हणून सांगू! बुजली म्हटलं, रोगणाने बुजवली! मग काठी उजेडात धरली. वेढ्याला वेढा लागलेला, सगळ्या कड्यांवर. आणि रोगण तर पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्यातून फट दिसतेच. बुजायला तिथे दोरा लागतो.

तिने माझं सगळं उलगडलं होतं आणि स्वतः गुंडाळलं होतं. शिकली कुठे? माझ्यासमोरच. वर्षानुवर्षं माझे वेढे नाकाशी धरून तुसं शोधत होती, बघून बघून शिकली. तिच्या हातात दोरा मी कधी दिलाच नाही.

"कशी झालीय?" तिने विचारलं. तिची पाचावर धारण बसली होती.

"छान. धूळ अजिबात नाही," मी म्हटलं. तिचा जीव भांड्यात पडला.

मिशीवाला आला, काठी वाकवून बघितली, वेढ्यांवरून अंगठा फिरवला. "क्या बात है! अहो, हात तोच आहे तुमचा! अजून दोन करा, माझ्या भावांना."

"करतील की," बायको माझ्या आधी म्हणाली. "सावकाश करतील, पण करतील."

"नाही. मी बंद केलंय," मी म्हटलं.

त्याला थट्टा वाटली. मग माझं तोंड बघून तो काठी घेऊन निघून गेला.

"का हो असं?" ती म्हणाली. "इतकं छान जमलं होतं."

माझं टाळकं सरकलं. "कुणाला जमलं होतं?"

ती माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसली.

"तुमचं उलगडताना जिवावर आलं होतं माझ्या," ती म्हणाली. "पण तशीच दिली असती तर तो काही बोलला असता, आणि तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसला असता. म्हटलं, एकदोन निभावून नेऊ. तोवर तुमचा डावा हात बसेल." मग म्हणाली, "नाही तर असं करू. मी गुंडाळते, तुम्ही शेजारी बसून शिकवा. चुकलं की ओरडा. तुम्हाला आवडतंच."

हसून म्हणाली हो ती. मी नुसतं "चल" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "आता काय शिकवायचं? तुला येतंच की सगळं."

आईशप्पथ सांगतो, मनात कौतुक होतं. खरंच होतं. माझ्यापेक्षा सरस काम केलं होतं तिने. पण आवाज निघाला तो चहा गार झाल्यावरचा, आणि दुसरा आवाज तिने माझा ऐकलाय कधी? तिचा चेहरा पडला. "बरं," म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन दोन शब्द नीट बोलावेत, तर मी म्हटलं उद्या बोलू. उद्या म्हटलं परवा.

टेबल कोपऱ्यावरच्या सुताराला दिलं. तो माणसं घेऊन आला, टेबल आडवं करून दारातून काढताना त्याने सहज विचारलं, "वहिनी, काम कोण करायचं यावर?"

"हे करायचे," ती म्हणाली. "मी आपली धूळ काढायचे."

मी दारातच उभा होतो. डॉक्टर म्हणतात, बोलणं पूर्ण सुधारलंय. मी काही बोललो नाही.