माझे नवे कान

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. वय विचारू नका. आमच्या खाडीकाठच्या बाळकुम गावात उंच इमारती नव्हत्या, त्या काळातली मी. रंग हिरवा, म्हणजे जिथे उरला आहे तिथे. कारखान्यातून निघाले ती थेट काळुराम यांच्या दारात आले. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, मला हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी पाठीवर मिठाच्या गोण्या टाकल्या. तिथल्या मिठागरातला चिखल भल्याभल्या गाड्यांना गिळायचा. रुतलेल्या ट्रकला ओढायला मलाच बोलवत. मला त्याचा गर्व आहे आणि तो मी मुळीच लपवत नाही.

माझ्यात एकच उणीव होती, बाजूचे आरसे. काडीएवढ्या दांड्यांवर बसवलेले ते दोन छोटे आरसे इंजिन सुरू झालं की थरथरायला लागत. मागे ट्रक आहे हे दिसायचं, पण एक आहे की तीन, ते कळायचं नाही. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले म्हणून काळुराम त्यांना लाडाने 'कान' म्हणत. तेव्हा त्यांचे स्वतःचे कान तिखट होते, म्हणून माझ्या कानांवाचून काही अडत नव्हतं.

पुढे मिठागरं गेली, काळुराम सत्तरीला पोचले आणि त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलं. एकदा एका टेम्पोने मागून दोनदा हॉर्न दिला. काळुरामांना तो ऐकू आला नाही आणि आरशातही टेम्पो नीट दिसला नाही. तो घासून गेला आणि माझा उजवा आरसा तुटला. त्यांचा मुलगा धनेश घाबरला. तो म्हणाला, "बाबा, आज आरसा गेला, उद्या माणूस जाईल. चावी द्या." काळुरामांनी चावी काढून दिली.

आठ दिवस मी दारात उभी होते. ते रोज सकाळी यायचे, माझ्यावरची धूळ पुसायचे आणि परत जायचे. खरं सांगते, मिठाच्या गोण्यांचं ओझं मला कधी जाणवलं नाही, पण ते आठ दिवस फार जड गेले.

नवव्या दिवशी धूळ पुसता पुसता ते मोठ्याने म्हणाले, "उजवा कान पार गेलाय. आता नवाच बसवाला पायजे, चांगला मजबूत. नौपाड्यान भेटंल."

हे त्यांच्या सुनेने, कल्पिताने खिडकीतून ऐकलं. ती दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीहून लग्न होऊन आलेली. गाडीच्या आरशांना आमच्या घरात कान म्हणतात, हे तिला कुठून माहीत असणार? कानाच्या मशीनला वर्षभर नाही म्हणणारे सासरे कबूल झाले म्हणून ती हरखली. तिने लगेच फोन करून वेळ घेतली. "बाबा, शनिवारी नौपाड्याला जाऊ, कानासाठी!" ती त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाली. काळुराम इतके खूश झाले, की त्यांनी तिला चहा करून दिला.

शनिवारी ते तुटका आरसा पिशवीत घालून रिक्षाने निघाले. पिशवीत माझाच तुकडा होता, तेव्हा मीही तिथे होते असंच समजा. कान तपासणाऱ्या रुचिता मॅडमनी मोठ्याने विचारलं, "आजोबा, त्रास कधीपासून?"

"टेम्पोनी ठोकला तवापासून."

"अरे बापरे! दुखतं का?"

"तिला काय दुखंल? लोखंडाची हाय ती. मना ट्रकला असतो तसा कान द्या. खड्ड्यान हलला नाय पायजे."

मॅडमनी कल्पिताकडे पाहिलं, कल्पिताने सासऱ्यांकडे पाहिलं आणि काळुरामांनी पिशवीतून आरसा काढून टेबलावर ठेवला. मग जो हशा पिकला! काळुरामांना उलगडा सर्वांत शेवटी झाला, पण हसले तेच सर्वांत जास्त. ती संधी साधून कल्पिता म्हणाली, "बाबा, आलोच आहोत तर तुमचाही तपासून घ्या ना. तुम्ही मशीन लावा, तुमच्या जीपचे कान माझ्याकडून."

सौदा ठरला. पुढच्या रविवारी कोलशेतच्या जगन मिस्त्रींनी मला हात लावला. जुने गंजलेले बोल्ट तेल पाजूनही हलेनात, तेव्हा कापावे लागले. माझा पत्रा पातळ झालेला, म्हणून त्यांनी आतून जाड लोखंडी पट्टी दिली, रबराच्या चकत्या घातल्या आणि दोन दोन दांड्यांचे रुंद आरसे कसून बसवले. इंजिन सुरू झालं. मी अंगभर थरथरले, पण आरशातलं झाड जागचं हललं नाही! मित्रांनो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्यामागचं जग स्वच्छ दिसलं. आनंदाने मी उगाचच एक हॉर्न वाजवला, असं म्हणायला मला आवडेल, पण तो काळुरामांनी वाजवला. उजव्या कानात मशीन घालून तो त्यांना ऐकून बघायचा होता.

धनेशची मात्र खात्री पटली नव्हती. "एक फेरी मारा. मी बाईकवरून मागे येतो, हॉर्न देणार नाही. मी कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवा," तो म्हणाला. मला घाम फुटला असता, पण मला तो येत नाही. ही फेरी फसली असती तर आम्ही दोघंही कायमचे घरी बसलो असतो.

धनेश डावीकडे आला, काळुरामांनी डावीकडे बोट दाखवलं. तो उजवीकडे गेला, बोटही उजवीकडे गेलं. कोलशेतच्या वळणावर तो बराच मागे राहिला. तेव्हा काळुरामांनी आरशात पाहत मला हळूच बाजूला थांबवलं, मान बाहेर काढली आणि ते ओरडले, "धनेश, हेल्मेटचा पट्टा लाव आदी!"

धनेशचा हात गळ्याशी गेला. पट्टा खरंच सुटा होता. तो जवळ आला, मान खाली घालून हसला आणि म्हणाला, "बाबा, चावी आता तुमच्याकडेच ठेवा."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी म्हातारं माणूस असेल, एखादी जुनी गाडी असेल. त्यांना घरी बसवायची घाई करू नका. आधी पाना आणा, काय सैल झालं आहे ते बघा आणि घट्ट करून द्या. मग बघा, तुमच्यावर मागून येणारं संकट तुमच्याआधी त्यांनाच दिसेल.