ह्यांचा येऊ घातलेला फोन

आमच्या ह्यांच्या फोनचा कान गेला. म्हणजे फोन लागायचा, ह्यांचं बोलणं पलीकडे जायचं, पण पलीकडचं ह्यांना काही ऐकू यायचं नाही. स्पीकर लावला तरच यायचं. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी दुरुस्तीला टाकून मोकळा झाला असता. हे म्हणाले, "आता कशाला? नवी मालिका येतेय."

मालिका म्हटल्यावर मला टीव्हीवरची वाटली. पण ही फोनची. एकाच घरातल्या तीन बहिणींसारखे तीन फोन येणार होते, लहान, मधला आणि मोठा. ह्यांचा जीव मधल्यावर जडला होता. तो कुणी पाहिलेला नव्हता, पण त्याची बातमी रोज यायची. बॅटरी चार दिवस चालणार म्हणे. ओल्या हाताने चालणार म्हणे. पुस्तकासारखी घडी होऊन खिशात बसणार म्हणे. अंधारात मांजराचा फोटो काढला तर मिशा मोजता येणार म्हणे. आमच्याकडे मांजर नाही.

"अहो, येईल तेव्हा येईल. तोवर हा तरी दुरुस्त करा," मी म्हणायची.

"जाणाऱ्या फोनवर कोण खर्च करतं?"

हे गाडी शिकवतात. शिकणारा बिचारा स्टिअरिंगला लटकून घामाघूम झालेला असायचा आणि समोर ठेवलेल्या फोनमधून माझा आवाज यायचा, "तुमचे फाटके बनियन टाकून देऊ का?" माझं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. एक दिवस एक बाई लग्नाचा फोटो घेऊन आल्या. मी माप घेत घेत त्यांच्याशी बोलत होते, तर त्या एकदम थबकल्या आणि म्हणाल्या, "अय्या! बनियनवाल्या त्या तुम्हीच का?" मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

त्यात माझ्या बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मला वाटलं, बरं झालं, घरात एक तरी शहाणं माणूस आलं, ते जावयाला चार शब्द सुनावतील. कसलं काय! आठवड्याभरात दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून, एकाच फोनमध्ये डोकी घालून बसायला लागले.

"बिजागरी आतून असेल तर घडीची रेघ दिसणार नाही," बाबा म्हणायचे.

"पण बाबा, पडद्याखाली कॅमेरा बसवला तर?"

"जागा कुठून आणणार? बॅटरी पातळ करावी लागेल. माझं ऐका, बॅटरीच्या बाबतीत ते थापा मारतायत."

आणि मी स्वयंपाकघरातून ओरडतेय, "पायाचा व्यायाम झाला का?" दोघांपैकी एकाच्याही कानात शिरत नव्हतं. त्यांचे कान तर शाबूत होते.

अशातच एका रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. फोन ताटांच्या मध्ये. नणंदबाईंचा फोन आला. ह्यांनी सवयीने स्पीकर लावला आणि हे "बोल गं" म्हणायच्या आत त्या सुरू झाल्या.

"दादा, तुझे सासरे अजून तिथंच का रे? गुडघ्याचं निमित्त बरं मिळालंय त्यांना! एकदा बस्तान बसलं की हलणार नाहीत, सांगून ठेवते."

ह्यांनी फोन बंद करायला बोट आपटलं. पण पडद्याचा नेमका तो कोपरा तडकलेला, दाबलं तरी ढिम्म. हे बोटाने ठोकतायत, तळहाताने झाकतायत, आणि हाताखालून नणंदबाईंचा आवाज येतोच आहे.

"वहिनीला काय, तिचे वडील आहेत. पण तुला काही सासऱ्याची सेवा करायला..."

"अगं, गप्प बस!" हे ओरडले. "स्पीकर चालू आहे. बाबा समोर बसलेत."

पलीकडून फोन कटला.

बाबांनी तोंडातला घास संपवला. पाणी प्यायले. काठी घेतली आणि खोलीत गेले. थोड्या वेळाने कपाटाचं दार वाजलं. मी जाऊन बघते तर बिछान्यावर बॅग उघडलेली, आणि बाबा एका पायावर भार देत शर्टांच्या घड्या घालतायत.

"बाबा, हे काय?"

"जिना आता चढता येतो मला. जातो घरी."

"जिना चढताना परवा अर्ध्यात बसलात तुम्ही!"

त्यांनी पुढचा शर्ट उचलला. माझा राग नणंदबाईंवर नव्हता असं नाही, पण त्या लांब होत्या. हे जवळ होते. मी जेवणाच्या टेबलाशी परत आले आणि सगळं बाहेर काढलं. "एका फोनपायी माझ्या वडिलांना भरल्या ताटावरून उठावं लागलं! काय करायचंय ती चार दिवसांची बॅटरी घेऊन? जा आता, काय बोलायचं ते बोला त्यांच्याशी."

हे उठले. खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मला वाटलं, माफी मागतील, बहिणीच्या वतीने दोन शब्द बोलतील. हे म्हणाले, "बाबा, नव्या फोनचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही गेलात तर मी कुणाबरोबर बघू?"

मी कपाळाला हात लावला.

"हिला तर बिजागरी कळतच नाही," हे हळूच म्हणाले.

"तिच्या आईलाही कळायची नाही," बाबा म्हणाले. बॅग बंद झाल्याचा आवाज आला, ती रिकामीच बंद झाली होती. संध्याकाळी नणंदबाईंनी माझ्या फोनवर फोन केला. मी तो तसाच बाबांच्या हातात दिला. त्या रडल्या असाव्यात, कारण बाबा सारखे "अगं असू दे, असू दे" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना मी ह्यांना न विचारता फोन दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने बारीक ब्रशने जाळी साफ केली, काळा मळ निघाला, आणि फोनला ऐकू यायला लागलं. इतक्या महिन्यांची शोभा त्या चिमूटभर मळापायी! तो कोपरा मात्र तसाच राहिला. संध्याकाळी मी फोन ह्यांच्यासमोर आपटला.

"बरं झालं," हे म्हणाले. "आता निवांत वाट बघता येईल."

कार्यक्रमाच्या दिवशी दोघं धुतलेले शर्ट घालून बसले. मंचावरचा माणूस बोलत होता, टाळ्या पडत होत्या, आणि आमच्या सोफ्यावर चेहरे उतरत चालले होते. घडी नाही. ओल्या हाताचं नाव नाही. बॅटरी दीड दिवस. नवीन काय, तर शेवाळी रंग.

"आपला याच्यापेक्षा चांगला झाला होता," बाबा म्हणाले. हे मान हलवत राहिले.

फोन अर्थातच घेतला नाही. पुढच्या वर्षीच्या मालिकेत बॅटरी नक्की, म्हणे.

गुडघा चांगला बरा झाल्यावर बाबा आपल्या पायांनी जिना उतरून घरी गेले. चार दिवसांनी त्यांचा मला फोन आला. मी हातातली भाजी बाजूला ठेवून, खुर्ची ओढून बसले. "जेवलीस का? बरी आहेस ना?" एवढ्यात माझी चौकशी उरकली. मग म्हणाले, "बरं, जावईबापू कुठायत? त्यांना दे जरा."