सुनपातीची झोप

“दर डिसेंबरात कूलर दोन अंशांवरून चौदावर कोण नेतं?” शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नयना मॅडमनी मशीनमधली नोंद पुढे धरली, तसे हरिदास खाली बघू लागले.

आखातातल्या, अल गराफातल्या त्या शाळेच्या थंड काचघराचा कूलर चार वर्षं त्यांच्याच हातात होता. बाहेर ऊन भाजून काढत असताना आत हिमालयातली सुनपाती जगवायची, हे त्यांचं काम. झुडूप कसलं, वीतभर उंचीचं, जमिनीला पोट लावून बसलेलं. पण हरिदासांचा तिच्यावर भारी जीव. ती मात्र एकदाही फुलली नव्हती. यंदा मार्चपर्यंत फूल दिसलं नाही तर शाळा तिला काढून टाकणार होती, आणि मार्चअखेर हरिदासही कायमचे संगमनेरला निघणार होते.

“मीच नेतो, मॅडम. डिसेंबरात मला रूमवर ब्लँकेट लागतं. म्हटलं, हिला कसं सोसवंल?”

मॅडमना हसू आवरेना. “अहो भाऊ, ही राहते तिथे मोठी झाडं तग धरत नाहीत. वाऱ्यामुळे बुटकी राहिली, आणि हिवाळाभर बर्फाखाली. थंडीत नीट झोपली तरच ती फुलते. तुम्ही दरवर्षी तिची झोपमोड केलीत.”

हरिदासांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हिवाळ्यात त्यांनी काटा दोनावरून हलू दिला नाही. वर मासळीवाल्याकडून कोऱ्या बर्फाचा चुरा आणून तिच्या अंगावर पसरला. पसरताना रोज जीव कासावीस व्हायचा. “नीज बाई,” म्हणून ते दार लावून घ्यायचे.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पानांमधून फिकट गुलाबी फुलं वर आली होती. हरिदास तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी बायकोला, मुक्ताबाईंना, व्हिडिओ कॉल लावला.

“एवढीशीच?”

“एवढीशीच. पण गारठ्यात एकटं टाकल्याबिगर फुलतच नाही बघ ही.”

मुक्ताबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. अठरा वर्षांत नवरा त्यांना दोन वर्षांतून एकदाच, महिनाभर दिसला होता.

“माणसाचं नसतं तसं,” त्या म्हणाल्या. “या आता.”

हरिदासांनी मान हलवली. डोळे पुसले. मग कूलरच्या बटणावर चिकटपट्टी लावून, मागून येणाऱ्या माणसासाठी हिंदीत सावकाश लिहिलं: थंडीत बटण हलवू नये. कितीही दया आली तरी.

आणि दार अलगद लावून घेतलं.