भोंग्याची आसरा

मंगळवारी सोनबा भगताच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. पहिली शिफ्ट सुटलेले कामगार, रहाटणीहून रिक्षा करून आलेल्या बाया, सगळे रोहिणीच्या पायांकडे बघत बसत. तोंडाकडे बघायची हिंमत कोणात नव्हती.

चाकणजवळच्या त्या गावात आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवतांची, विहीर बुजवून कंपनी उभी राहिली होती. तिथेच रोहिणी पॅकिंगला होती आणि भोंगा अचानक वाजला की कोसळायची. "हिरीवर भोंगा वाजवता व्हय? आसरा शिरली पोरीत!" सोनबाने निकाल दिला. थोरली बहीण पूनम मोबाइलचा गजर होताच अंथरुणातच दगावली होती, तोही म्हणे आसरांचाच कोप. "गोळीनं आसरा कोंडती," असं तो म्हणाला आणि कंपनीच्या डॉक्टरांनी रोहिणीला दिलेल्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या.

तेव्हापासून दोन महिने तिच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. आई रतनबाई ताट ठेवून हात जोडायची आणि मागच्या पावली निघून जायची. ताप आला तरी कपाळावर हात नाही. रोहिणीला वाटे, देव होण्यापेक्षा मेलेलं बरं.

त्या मंगळवारी सकाळी कंपनीच्या दवाखान्यातली नर्स खुशनुमा आली, थेट तिच्या अंथरुणावर बसली आणि तिने नाडी धरली. रोहिणीला रडूच कोसळलं.

"वेडे, दचकलीस की तुझ्या हृदयाची लय बिघडते. जन्मापासूनचं आहे ते. बहुतेक वेळा आपोआप सावरते. पूनमची सावरली नाही. आणि सोनबा तुला दर मंगळवारी दचकवतोय!"

रोहिणीला थाळी आठवली. सोनबा पाठीमागून येई, कानाशी दणकन थाळी वाजवी. ती पडे. मग तो अंगारा लावून आकडे मोजे आणि तीस व्हायच्या आत ती डोळे उघडी. की जयजयकार!

मांडवात सोनबाने थाळी उचलली, तशी रोहिणीने ती हातातून काढून घेतली.

"आज नुसतं तोंडानं बोलवा आसरेला."

सोनबा घुमला, ओरडला, घामाने निथळला. रोहिणी टक लावून बघत राहिली.

"आसरेची साप्ताहिक सुट्टी दिसतेय राव!" मागून कोणी म्हणालं आणि मांडव हसला.

"मंग अंगाऱ्यानं शुद्धीवर कशी यायची?" रतनबाईने विचारलं.

"काकू, कंपनीत पडली तेव्हा कुठे होता अंगारा? तरी उठलीच ना?" रोहिणीसोबत मांडवात आलेली खुशनुमा म्हणाली. "नशीब म्हणा. उद्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊ. गोळी रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही. धोका पुष्कळ कमी होतो."

मांडव रिकामा झाला. देवीपाशी गर्दी होती, आजारी पोरीपाशी कोणी थांबलं नाही. रोहिणीला ते लागलं.

"आये, नर्सबाई म्हनत्यात, हे रक्तातनं येतंय," ती म्हणाली. " तुझ्याकडनं, न्हाईतर बाच्याकडनं. तुमचा दोघांचाबी इसीजी काढायचा."

रतनबाई लेकीजवळ येऊन बसली. "म्हंजी पूनमला कुणी गोळी दिली असती तर..."

"वाचायची आशा होती, काकू."

 रतनबाईने रोहिणीचा हात धरला, तो सोडलाच नाही.

मंडळी, कोणी पडलं तर त्याच्या पाया पडू नका. आधी त्याची नाडी बघा.