तिकोनी मुतखडा

कुणाला सांगितलं तर पटणार नाही, पण चाकणजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये खडेबाबा माणसाचा मुतखडा चक्क तोंडाने ओढून काढत होता. चिरा नाही, टाका नाही! बाहेर दुचाक्यांची रांग थेट डांबरी रस्त्याला टेकली होती.

रुपाली नाइलाजाने सासऱ्यांना घेऊन आली होती. कालच थेरगावच्या डॉक्टरांनी हिंदुरावांची सोनोग्राफी केली होती. मूत्रनळीत अकरा मिलिमीटरचा खडा अडकलाय, लघवी तुंबून मूत्रपिंड सुजलंय. सीटी स्कॅन करून खडा लवकर काढा, नाहीतर मूत्रपिंड जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. पण म्हातारा हटून बसला. "आदी बाबा, मग तुजं ते शिटी स्क्यान!"

बाबाने तांब्यातून तीर्थाचा घोट घेतला, हिंदुरावांच्या उघड्या कुशीला तोंड लावलं आणि जळवेसारखा चोखू लागला. लाळ धोतरापर्यंत ओघळली.

"निघालं रे, सात जन्मांचं पाप निघालं!" बाबा डोळे फिरवत ओरडला आणि थुंकला. स्टीलच्या वाटीत ठण्णकन वाजलं. गर्दीने जयजयकार केला.

"बग, निघाला!" हिंदुराव म्हणाले, पण दात आवळूनच.

रुपालीने वाटी उचलली. थुंकीत करडा, तिकोनी खडा. शेजारच्या ताटात आधीच्या पेशंटांचे खडे. तेही करडे, तिकोनी, एकाच मापाचे. असले खडे तर ती रोज घमेल्याने उचलायची! ती कामाला होती त्या कंपनीत, थरथरणाऱ्या व्हायब्रो मशीनमध्ये सुट्या भागांच्या बोचऱ्या कडा घासायला हेच लागतात. बाबाने भंगारातला माल आणला, आणि मांडला कुठे? चाकणमध्ये, जिथे घरटी एकजण कंपनीत!

तिने तांब्या उपडा केला. तीर्थाबरोबर सात-आठ तिकोनी खडे खडखडत फरशीवर पडले.

"घोट घेताना खडा गालात धरतो, चोखून झालं की थुंकतो," ती गर्दीकडे वळली. "शी! ह्याच्या उष्ट्याला हात जोडता? पोटातला खडा गेला की राहिला, ते तपासणीत दिसतं. दवाखान्यात जा, डोळ्यांनी बघा, मग माना!"

"नास्तिक बाई!" बाबा गरजला. "खडा गेलाय! बघा, पेशंटची कळ कशी पळाली!"

हिंदुराव कूस धरून दुमडले होते. अंगाला दरदरून घाम.

"खोटं बोलतोय मुडदा!" ते केकाटले. "खडा हितंच हाय, जीव चाललाय माजा! रुपाली, गाडी काढ!"