दोन दिवस आधी भरलेली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जुनी म्हणजे अवघी दोन वर्षांची, पण माझ्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येते. माझ्या पोटात डोंगरउतारावरची गुलाबी, किंचित गोड, फसफसणारी वाइन होती. तुम्ही लहान आहात, तेव्हा चवीची चौकशी आत्ता नको. एवढेच सांगते, की तिच्यामुळे माझ्या जिवाला क्षणभर स्वस्थता नव्हती.

आमचा डोंगर लहान आणि मळा त्याहून लहान. उतार इतका उभा, की तोडणीवाले एका पायाने स्वतःला सावरतात आणि दुसऱ्याने टोपली अडवतात. मळा दोघा भावंडांचा. मोठ्या भावाला सगळे दादा म्हणत, आणि धाकटी बहीण ती ठकी. काळ्या द्राक्षांचा रस काढला, की साली त्यात एका दुपारपुरत्याच ठेवायच्या. तेवढ्यात रस गुलाबी होतो. मग तो गाळून टाकीत आंबायला सोडायचा. आंबताना त्यातली साखर हळूहळू संपते आणि वायू तयार होतो. थोडी साखर शिल्लक असतानाच रस बाटलीत भरून बूच मारायचे, म्हणजे उरलेल्या साखरेचा वायू आत कोंडतो आणि त्याचे बुडबुडे होतात. भरायला उशीर झाला, तर गोडीही जाते आणि बुडबुडेही. फार घाई केली, तर वायू इतका साठतो, की बाटली फुटते.

ही नेमकी वेळ ठकी जिभेने ओळखायची आणि दादा कानाने. टाकीला कान लावून तो आतली फसफस ऐकत बसे, म्हणून तोडणीवाले त्याला कानसेन म्हणत. दोघांचे एकमत झाल्याशिवाय एकही बाटली भरायची नाही, असा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता.

त्या वर्षी ऐन भरणीच्या वेळी दादाची दाढ दुखायला लागली. ती काढायला तो पायथ्याच्या शहरात वहिनीच्या माहेरी गेला, आणि गाल सुजल्यामुळे तीन दिवस तिथेच अडकला. "मी येईपर्यंत टाकीला हात लावू नकोस," असे त्याने फोनवर बजावले. पण ठकीच्या जिभेला गोडी अगदी हवी तशी लागली. ती निसटेल या धास्तीने तिने भावाची वाट न पाहता सगळ्या बाटल्या भरून टाकल्या. मी त्यातलीच एक.

दादा परत आला तो गालाला फडके बांधून. त्याने मला उचलून कानाशी धरले.

"दोन दिवस लवकर भरल्यास तू," तो म्हणाला. "फुटतील."

"दाढेबरोबर कानही काढून आलास वाटतं," ठकी म्हणाली.

ती थट्टेत म्हणाली असेल, पण सगळे तोडणीवाले हसले आणि दादाला ते लागले. त्याने तळघराची किल्ली टाकीवर ठेवली आणि वहिनीला घेऊन तो शहरात निघून गेला. तिथे मेव्हण्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात तो पंक्चर काढायला लागला.

महिन्याभरात पहिली बाटली फुटली. आवाज ऐकून ठकी धावत आली, तर दुसरी तिच्या पायाशीच फुटली. तेव्हापासून ती स्कूटरचे हेल्मेट घालून तळघरात यायची. रोज आमच्यातल्या दहा-बारा जणी जात. मी शेवटच्या फळीवर भिंतीला पाठ टेकून होते. पोटात नुसती फसफस, आणि सगळा भरवसा बुचावरच्या तारेवर. शेजारणीला 'कशी आहेस' विचारायचीही सोय नव्हती, कारण उत्तर यायच्या आत तिच्या काचा झालेल्या असायच्या.

शेवटी ठकीने उरलेल्या बाटल्या थंड पाण्यात बुडवून एकेक करून उघडल्या आणि आतला वायू सोडून दिला. फक्त आम्हा दोघींना ठेवले, एक फुटली तर दुसरी असावी म्हणून. त्या दिवशी तळघरातूनच तिने वहिनीला फोन लावला.

"एक बाटली दादासाठी राखून ठेवलीये. ती घेऊन येते. नुसत्या तोंडानं कशी येऊ?"

"तशीच ये गं," वहिनीचा आवाज तळघरभर ऐकू आला. "दुकानाच्या दारात पाऊल वाजलं, की हे कान टवकारतात. तुझीच वाट बघतायत."

"उद्या निघते," ठकी म्हणाली.

तो उद्या काही उजाडला नाही. आठवडा गेला, थंडीही गेली. रोज ती येई, हेल्मेटची काच वर करून आम्हाला पाही, 'दादा' एवढा एकच शब्द पुटपुटे आणि परत फिरे. चिमूटभर साखर ओळखणाऱ्या त्या जिभेला 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द जड झाले होते. मला तिचा राग यायचा. मी फुटले, तर हिच्या हातात भावाकडे न्यायला काहीच उरणार नव्हते, आणि न जायला चांगले निमित्त मिळणार होते. तळघर दिवसेंदिवस तापत चालले होते. मला पाय असते, तर मीच बस पकडली असती.

एका सकाळी माझी शेजारीण फुटली. ठकीने काचा झाडल्या आणि झाडू कोपऱ्यात ठेवला. मग तिने मला ओल्या टॉवेलात गुंडाळले, बर्फाच्या बादलीत ठेवले आणि खरोखरच बस पकडली. डोक्यावर हेल्मेट तसेच होते.

"बाई, बसमध्ये हेल्मेट कशाला?" कंडक्टरने विचारले.

"बादलीतली बाटली फुटू शकते."

पुढचा सगळा घाट कंडक्टर ड्रायव्हरशेजारी बसून होता. प्रत्येक वळणावर बूच तारेला धडका देत होते, आणि ठकीचे दोन्ही हात माझ्याभोवती घट्ट होते.

दुकानात दादा फुगवलेली ट्यूब कानाशी धरून बसला होता. बाकीचे कारागीर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात, हा हवा कुठून जाते ते ऐकून सांगायचा. ठकीला पाहून तो उठला. वाटेत घोकलेले सगळे ती विसरली. तिने मला त्याच्या हातात दिले, आणि त्याने आधी मला कानाशी धरले. आयुष्यभर मी अस्वस्थच होते, पण त्या क्षणी मला गप्प राहावेसे वाटले. ते काही जमले नाही.

"अजून बोलतेय," दादा म्हणाला.

"सगळ्या गेल्या, दादा. माझं चुकलं. तुझ्यासाठी थांबायला हवं होतं."

दादा माझ्यावरचा टॉवेल सारखा करत राहिला.

"फुटणार हे मला ठाऊक होतं," तो हळूच म्हणाला. "थंड पाण्यात घालून उघड, एवढं तरी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी रागानं तसाच निघून गेलो."

मग त्याने माझी तार सोडवली. अर्धी वाइन छतावर गेली, आणि आवाज ऐकून वहिनी आतून धावत आली. उरलेली तिघांनी चहाच्या पेल्यांतून घेतली, वहिनीने तर दोनदा.

"जरा जास्तच गोड झालीये," दादा म्हणाला, आणि ठकीला रडता रडता हसू आले.

आता मी रिकामी आहे आणि तळघराच्या खिडकीत उभी आहे. परवा पुन्हा भरणीची वेळ झाली. बाटल्या धुऊन मांडल्या होत्या, माणसे ताटकळली होती. ठकीने थेंबभर रस चाखला आणि "भरूया," म्हणाली. दादाने टाकीला कान लावला आणि मान हलवली.

"अजून दोन दिवस."

ठकीने हातातली नळी खाली ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली.

मित्रांनो, काचेच्या वस्तू जरूर जपा. पण चूक कबूल करायची असेल, तर हातात काहीतरी घेऊन जाऊ म्हणून थांबू नका. नुसत्या तोंडाने जा. आमच्यासारख्या वस्तूंचा काय भरवसा? मी टिकले हे नशीब. अकराशे जणी टिकल्या नाहीत.

हेल्मेट अजून तळघरातच खुंटीला उलटे टांगलेले आहे. ठकी त्यात बुचे ठेवते.